नवी बॅरल ‘रुळवणे’ आणि अचूकता : .२२ मॅच रायफलबाबत मार्गदर्शन हवे

करवीरकर

नमस्कार. मी गेली सहा वर्षे ५० मीटर रायफल नेमबाजीचे प्रोन (पालथे झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) हे प्रकार खेळतो. २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या तेव्हा मी शाळेत होतो, आणि .२२ (०.२२ इंची नळीची रायफल) हातात घ्यायची हे तेव्हाच ठरवले होते. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसहून थ्री पोझिशनचे कांस्य आणले, त्या आठवड्यात माझ्या रायफलच्या बॅरलने (नळीने) पुरता दम तोडला होता. बचत करून यंदा नवी बॅरल बसवून घेतली, आणि हा धागा तिच्यासाठीच आहे.

बॅरल देताना पुरवठादाराने तोंडी सूचना दिली की पहिल्या २५ गोळ्यांपर्यंत प्रत्येक गोळीनंतर नळी साफ करावी आणि पुढच्या २५ गोळ्यांसाठी दर पाच गोळ्यांनंतर, म्हणजे नळी ‘रुळते’ आणि ग्रूप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) लहान होत जातात. मी ही सूचना तंतोतंत पाळली, त्यात दोन दिवस गेले. आज वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, जुन्याच लॉटच्या (कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या तुकडीच्या) काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे ग्रूप घेतले, तर एक १२ मिलिमीटरचा आला आणि दुसरा २१ मिलिमीटरचा. जुनी बॅरल तिच्या चांगल्या काळात १५-१६ मिलिमीटरचे ग्रूप सातत्याने देत असे.

टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, त्यामुळे हा फरक मला स्वस्थ बसू देत नाही. रुळवण्याची प्रक्रिया अपुरी राहिली का, ती आणखी ५० गोळ्या चालू ठेवावी का, की या प्रक्रियेनेच काही बिघडले? परवान्यावर काडतुसांची मर्यादा आहे आणि मॅच काडतूस आयातीचे असल्यामुळे प्रत्येक गोळी मोजून वापरावी लागते. कृपया ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी लिहावे.

दूरदेशी_सातारकर

करवीरकर, नव्या बॅरलबद्दल अभिनंदन. मी अकरा वर्षे टेक्सासमध्ये आहे आणि सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी ठिणगी देणाऱ्या, जास्त ताकदीच्या काडतुसांच्या) रायफलने, मुख्यतः .३०८ आणि ६.५ क्रीडमूर या काडतुसांनी, लांब पल्ल्याची नेमबाजी करतो. तुम्हाला सांगितलेली पद्धत मुळात आमच्या बाजूची आहे. ती .२२ला लागू होते की नाही हे पुढे इतर जण सांगतील. ती आली कुठून आणि ती काय करते, एवढे मी लिहितो.

सेंटरफायरच्या गोळीवर तांब्याचे आवरण असते, ज्यात साधारण ९५ टक्के तांबे आणि ५ टक्के जस्त असते. नळी तयार झाल्यावर तिच्या मागच्या टोकाला रीमर या फिरत्या हत्याराने चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, कापले जाते. रीमर गोल फिरत कापतो, त्यामुळे चेंबरच्या पुढे जिथे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा) सुरू होतात त्या भागात, ज्याला आपण थ्रोट म्हणतो, गोळीच्या वाटेला आडवे असे बारीक ओरखडे राहतात. गोळी जाताना हे ओरखडे आवरणाचे तांबे खरवडतात, ते तापलेल्या वायूबरोबर पुढे जाते आणि नळीत सर्वत्र बसते. त्या थरावरून पुढची गोळी गेली तर थर वाढतो, आणि खालचे ओरखडे मात्र झाकलेलेच राहतात. म्हणून सुरुवातीला प्रत्येक गोळीनंतर तांबे काढून टाकायचे, म्हणजे पुढची गोळी आणि तिच्यामागचा वायू थेट पोलादाला भिडतो आणि थ्रोट हळूहळू गुळगुळीत होतो. क्रीगरसारखे बॅरल-निर्माते ही पद्धत सुचवतात ती याच कारणाने. स्टेनलेस पोलादाला कमी गोळ्या पुरतात आणि क्रोम-मॉली पोलादाला जास्त लागू शकतात, असे त्यांचे सांगणे आहे.

उलट बाजूही तितकीच वजनदार आहे. गेल मॅकमिलन यांच्यासारख्या नामांकित बॅरल-निर्मात्याने या प्रकाराला उघड विरोध केला होता. झाडलेली प्रत्येक गोळी बॅरलचे आयुष्य कमी करते, आणि ज्या उपायाचा लाभ दाखवता येत नाही त्यात ते घालवू नये, असा त्यांचा मुद्दा होता.

माझा अनुभव दोन बॅरलचा आहे. पहिली कारखान्यातून आलेली साधी बॅरल होती. तिच्यात पहिल्या गोळीनंतर घातलेली चिंधी गडद निळी बाहेर आली, आणि साधारण पंधरा-वीस गोळ्यांनंतर तो निळेपणा स्पष्ट कमी झाला. दुसरी हाताने लॅप केलेली (आतून घासून गुळगुळीत केलेली) होती आणि तिच्यात तिसऱ्या-चौथ्या गोळीपासूनच तांबे नाममात्र येत होते. दोन्हींत ग्रूप लहान झाले असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. साफसफाईचे काम मात्र सोपे झाले. आणखी एक गोष्ट आमच्याकडे बहुतेक जण पाहतात. पहिल्या शंभर-दीडशे गोळ्यांत गोळीचा वेग हळूहळू वाढतो आणि मग स्थिरावतो, त्यामुळे तोवर काडतुसातल्या दारूचे माप पक्के करू नये. नळी ‘रुळली’ हा शब्द मला तिथे खरा वाटतो.

जाता जाता एक सावधगिरी. चिंधी धरणारे टोक पितळेचे असेल तर तांबे काढणारे द्रावण त्या पितळेलाही खाते आणि चिंधी निळी पडते. माझे पहिले काही दिवस नसलेले तांबे काढण्यात गेले.

टूलरूम

मी नेमबाज नाही. चुलतभाऊ खेळतो, त्याच्यामुळे वाचायला येतो. भोसरीत टूलरूममध्ये काम करून सत्तावीस वर्षे झाली आणि रीमिंग, होनिंग, लॅपिंग हे माझे रोजचे काम आहे, म्हणून पृष्ठभागाविषयी लिहितो.

‘रुळवणे’ हा शब्द आपण नव्या स्कूटरच्या रनिंगवरून घेतला आहे, आणि मला वाटते घोळ तिथेच सुरू होतो. इंजिनाच्या सिलिंडरला आपण मुद्दाम जाळीदार होनिंग करतो. त्या जाळीत तेल राहते, आणि पिस्टनच्या रिंगा लक्षावधी वेळा वरखाली होऊन तिची टोके घासून काढतात. रायफलच्या नळीत गोळी सुमारे एक-सव्वा मिलिसेकंद असते. सेंटरफायर बॅरलचे आयुष्य ५,००० गोळ्यांचे धरले तरी आयुष्यभरात गोळी आणि नळी यांचा संबंध दहा सेकंदही येत नाही. एवढ्या वेळात घर्षणाने नळीचा पूर्ण पृष्ठभाग बदलेल, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला पटणार नाही. सेंटरफायरमध्ये जे घडते ते थ्रोटमध्ये घडते, आणि तिथे काम करतो तो मुख्यतः तापलेला वायू. दूरदेशी यांनी हेच लिहिले आहे आणि ते मला बरोबर वाटते.

आता .२२ कडे या. गोळी शिशाची, तिच्यावर मेणाचा किंवा चरबीचा हात, तांब्याचे आवरण नाही. वजन ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम, मॅच काडतुसाचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी. चेंबरमधला दाब .३०८मध्ये सुमारे ४१५ मेगापास्कलपर्यंत जातो, तर .२२मध्ये कमाल सुमारे १७० मेगापास्कल. एवढ्या दाबाने आणि शिशासारख्या मऊ धातूने पन्नास गोळ्यांत रीमरचे ओरखडे निघत असते, तर आम्हाला लॅपिंगसाठी डायमंड पेस्ट विकत आणावी लागली नसती. जे तांबे नळीत नाहीच ते काढण्यासाठी पन्नास वेळा सळई घालण्याचे कारण मला दिसत नाही. मॅच बॅरलचे लॅपिंग निर्मात्याकडेच झालेले असते, आणि ते नीट झाले नसेल तर गोळ्या झाडून ते होणार नाही.

सळईचे मात्र मला खरोखर भय वाटते. सूक्ष्म कण चिकटलेली, किंचित वाकलेली सळई आत-बाहेर करणे म्हणजे अनियंत्रित लॅपिंग करणे. नळीचा सर्वांत महत्त्वाचा भाग पुढच्या तोंडाची कड असते, जिथे गोळी नळी सोडते. कड एका बाजूने जरा जरी झिजली, तरी मागून येणारा वायू गोळीच्या बुडाला सर्व बाजूंनी एकाच क्षणी सोडत नाही, आणि गोळी तिरपी ढकलली जाते. करवीरकर, तुम्ही साफ करताना सळई मागून घातली होती की पुढून? आणि मागून घातली असल्यास तिला सरळ धरणारा गाइड वापरला होता का?

करवीरकर

सळई मागूनच घातली आणि गाइड वापरला होता. चिंधी पुढून बाहेर आल्यावर प्रत्येक वेळी काढून घेतली, मात्र सळईचे धातूचे टोक परत आत ओढताना कडेला घासले नसेलच असे छातीठोकपणे सांगता येत नाही. उद्या भिंगाने कड पाहून लिहितो.

निवृत्त_सुभेदार

कड झिजण्याविषयी वाचले, म्हणून लिहितो. आमच्या काळी शस्त्र साफ करायला फुलथ्रू असायचे, म्हणजे दोरीला वजन आणि मागे चार बाय दोनची चिंधी. ती दोरी तिरपी ओढली की तोंडाच्या कडेवर एकाच जागी घासायची आणि वर्षानुवर्षांनी तिथे खाच पडायची. जुन्या .३०३ रायफलींमध्ये हे डोळ्यांनी दिसत असे. उस्ताद पहिला धडा द्यायचे तो दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढण्याचा. नवी रायफल मिळाल्यावर ती ‘रुळवण्याचा’ कार्यक्रम आम्ही कधी केला नाही. आधी साठवणीचे तेल पूर्ण पुसायचे, मग झिरोइंग (नेम जुळवणे) करायचे आणि रायफल कामाला लावायची. तेल राहिले तर पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात, एवढे मात्र पक्के आहे. लष्करी शस्त्राकडून मागितली जाणारी अचूकता वेगळी आणि तुमच्या खेळाची वेगळी, याची मला जाणीव आहे.

प्राची_५०मी

मी पुण्यात बालेवाडीला सराव करत आले आणि आता लहान मुलांना .२२ शिकवते. टूलरूम दादांनी धातूची बाजू इतकी स्पष्ट मांडली आहे की मी फक्त खेळाच्या बाजूने लिहिते.

.२२मध्ये एक गोष्ट नक्की घडते, पण तिला रुळवणे म्हणू नये. तिला मुरवणे म्हणावे. बिडाचा तवा आपण तेल लावून तापवून मुरवतो तेव्हा तव्याचे लोखंड बदलत नाही, त्याच्यावर एक पातळ थर बसतो, आणि तो थर घासून काढला की पहिले घावन पुन्हा चिकटते. .२२च्या नळीचे तसेच आहे. गोळीवरचे वंगण प्रत्येक गोळीबरोबर नळीत पसरते. नळी स्वच्छ घासलेली असेल तर पहिल्या गोळ्या कोरड्या पोलादावरून जातात, आणि वंगणाचा थर सर्वत्र सारखा होईपर्यंत त्या इकडेतिकडे लागतात. काही नळ्या पाच गोळ्यांत स्थिरावतात, काहींना वीसहून अधिक लागतात. काडतुसाचा ब्रँड बदलला तर वंगण बदलते, आणि पुन्हा काही गोळ्या जाऊ द्याव्या लागतात. म्हणजे करवीरकर, तुम्ही पहिल्या पंचवीस गोळ्यांत प्रत्येक वेळी तवा घासून पुन्हा पहिलेच घावन घातले. बॅरलचे यात नुकसान झाले असे मी म्हणत नाही, पण तिला मुरायला वेळच मिळाला नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो मी माझ्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगते. १२ आणि २१ या दोन आकड्यांवरून बॅरलविषयी काहीही सिद्ध होत नाही. पाच गोळ्यांचा ग्रूप हे फार डळमळीत माप आहे. गोळ्या केंद्राभोवती निव्वळ यदृच्छेने पसरतात असे धरून गणित केले, तर अशा ग्रूपच्या मापातला चढउतार त्याच्या सरासरीच्या साधारण २७ टक्के येतो. म्हणजे ज्या रायफलची खरी सरासरी १६ मिलिमीटर आहे ती काहीही न बिघडता १२चा ग्रूप देईल आणि २०चाही देईल. तुमच्या १२ आणि २१ची सरासरी काढून पाहा, ती जुन्या बॅरलच्या आकड्याजवळच येते. जुन्या बॅरलचे ‘सातत्याने १५-१६’ हे किती ग्रूपवरून ठरवले होते?

रुळवण्याविषयीच्या बहुतेक साक्षी अशाच तयार होतात, असे माझे मत आहे. नव्या बॅरलचा पहिला ग्रूप मोठा येतो, माणूस ठरलेला विधी करतो, पुढचा ग्रूप लहान येतो, आणि श्रेय विधीला मिळते. तीच बॅरल विधी न करता कशी वागली असती हे कोणालाच पाहता येत नाही, कारण बॅरल एकदाच नवी असते.

माझी सूचना अशी. नळी एकदा नीट साफ करा, तेलाचा अंश पुसून काढा, आणि मग मध्ये अजिबात साफ न करता एकाच लॉटच्या ४० गोळ्या दहा-दहाच्या ग्रूपमध्ये झाडा. दहाचा ग्रूप पाचाच्या ग्रूपपेक्षा सुमारे पाव हिश्शाने मोठा दिसेल, त्याने घाबरू नका, कारण तो अधिक खरा असतो. आणि बॅरल नुकतीच बदलली आहे, तर बॅरल पकडणाऱ्या क्लॅम्पचे आणि रायफल दस्त्यात बसवणाऱ्या बेडिंगचे स्क्रू निर्मात्याने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आहेत का, हे आधी टॉर्क रेंचने तपासा. हाताच्या अंदाजाने आवळलेले स्क्रू मी इतक्या वेळा पाहिले आहेत की माझा पहिला संशय तिथेच जातो.

रानवाट

माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. तिच्या नव्या रायफललाही हे मुरवणे लागू होते का?

प्राची_५०मी

फार थोड्या प्रमाणात. तिथे दारू जळत नाही, त्यामुळे काजळी नसते, आणि छर्ऱ्यावरचे वंगणही नाममात्र असते. कारखान्याचे तेल फेल्टच्या गुट्टीने पुसून काढा, एक डबी छर्रे झाडू द्या, आणि मग छर्ऱ्यांची वेगवेगळी मापे तपासून घ्या. पेट्रोलियमचे तेल किंवा कोणतेही तीव्र द्रावण तिच्या नळीत घालू नका, आतल्या सीलना ते सोसत नाही.

करवीरकर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

प्रथम प्राचीताईंच्या प्रश्नाचे उत्तर. जुन्या बॅरलचे आकडे मी खोलीत लावलेल्या तीन टार्गेटवरून सांगितले होते, आणि ती मी चांगली आली म्हणूनच जपून ठेवली होती. जुन्या वह्या काढून सगळे ग्रूप मोजले तेव्हा त्यात १९चेही होते आणि २२चेही. म्हणजे माझी तुलना मुळातच चुकीची होती.

तोंडाची कड भिंगाने पाहिली, ती सर्व बाजूंनी सारखी आहे. स्क्रू मात्र दोन ठिकाणी टॉर्कपेक्षा सैल निघाले. ते ठीक करून, नळी एकदा साफ करून, ४० गोळ्या सलग झाडल्या. पहिल्या दहांचा ग्रूप २७ मिलिमीटरचा आला, आणि त्यातल्या पहिल्या सहा-सात गोळ्याच विखुरलेल्या होत्या. पुढचे तीन ग्रूप १९, २१ आणि २० मिलिमीटरचे आले. स्क्रू आणि मुरणे यांपैकी कशाचा वाटा किती हे या एका चाचणीतून सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात स्क्रूंना हात न लावता नळी पुन्हा साफ केली आणि तेच केले. पहिले दहा पुन्हा विखुरले, पुढचे पुन्हा जमले. त्यामुळे मुरण्याची गोष्ट या बॅरलपुरती मला पटली आहे. तिला सुमारे दहा गोळ्या लागतात.

त्यानंतर क्लबमधल्या मित्रांकडे असलेले दोन वेगळे लॉट रेंजवरच मागून घेतले आणि प्रत्येकाचे दोन-दोन ग्रूप घेतले. एका लॉटचे ग्रूप २५ आणि २६चे आले, दुसऱ्याचे १७ आणि १८चे. ब्रँड एकच, डबीचा रंग एकच, फक्त लॉट वेगळा. पन्नास गोळ्या आणि दोन दिवस घालून मी ज्याच्या मागे लागलो होतो, त्याहून मोठा फरक डबीवरच्या लॉट क्रमांकात होता.

प्राची_५०मी

दोन-दोन ग्रूप अजून कमीच आहेत, पण १७-१८ आणि २५-२६ यांमधले अंतर इतके आहे की दिशा नक्कीच बरोबर आहे. त्या लॉटची आणखी काडतुसे मिळत असतील तर हंगामापुरती आताच घ्या, संपल्यावर तो लॉट पुन्हा तयार होत नाही. जर्मनीत शोनेबेक येथे लापुआ या काडतूस कंपनीचे आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली या काडतूस कंपनीचे चाचणी केंद्र आहे. तिथे रायफलचे अ‍ॅक्शन (चेंबरमागची यंत्रणा) शिकंज्यात धरून एकामागून एक लॉट तपासून देतात. आपल्या सर्वांना तिथे जाणे परवडणारे नाही, पण क्लबमध्ये पाच-सहा जणांनी मिळून लॉटची अदलाबदल करून तपासणी केली तर बरेचसे तेच काम होते.

दूरदेशी_सातारकर

मुरवण्याचा आणि रुळवण्याचा फरक मी आजवर असा स्पष्ट केला नव्हता. आमच्या सेंटरफायरमध्येही पूर्ण साफ केलेल्या नळीची पहिली गोळी अनेकदा वेगळी लागते, आणि स्पर्धेआधी आम्ही दोन-चार गोळ्या झाडून घेतो. तो तव्याचाच प्रकार आहे आणि थ्रोटचे ओरखडे हा वेगळा, हे आता लक्षात आले. एक शंका आहे. .२२ची नळी मुरलेली ठेवायची म्हणून ती साफच करायची नाही, असा अर्थ घ्यावा का? इथे काही जण हजारो गोळ्या सळई न घालता काढतात.

प्राची_५०मी

तसा अर्थ घेऊ नये. चेंबरच्या लगेच पुढे काजळीचे कठीण कडे साचते, आणि मॅच चेंबरमध्ये गोळी आट्यांना टेकूनच बसत असल्यामुळे ते कडे थेट गोळीवर परिणाम करते. मी फेल्टची गुट्टी दर सरावानंतर मागून पुढे एकदा काढते, आणि चेंबरपुढचा भाग द्रावणाने काही शे गोळ्यांनंतर साफ करते. प्रत्येकाने आपल्या बॅरलची वही ठेवावी आणि ग्रूप कधी फुगू लागतात ते पाहून अंतर ठरवावे.

निवृत्त_सुभेदार

आपल्याकडे पावसाळा आहे हे विसरू नये. जून ते सप्टेंबर कोल्हापूर असो की कोकण, मेणाचा थर गंजापासून वाचवेल या भरवशावर शस्त्र आठ-आठ दिवस खोक्यात बंद ठेवू नका. स्पंजचे अस्तर ओल धरते. सरावाहून आल्यावर नळी कोरडी करा, तेलाचा अगदी पातळ हात द्या, आणि रेंजवर पहिली गोळी घालण्यापूर्वी कोरड्या गुट्ट्या घालून तो पूर्ण पुसा.

करवीरकर

सुभेदार साहेब, तसेच करतो. म्हणजे पावसाळ्यात प्रत्येक सरावाच्या पहिल्या दहा गोळ्या मुरवण्यात जाणार. त्या मी आता टार्गेटवर न मोजता बाजूच्या मातीच्या बांधावर, रेंज अधिकाऱ्यांच्या परवानगीने झाडेन, आणि वहीत वेगळ्या रकान्यात लिहीन. १७-१८ मिलिमीटरवाल्या लॉटच्या मित्राकडे चार डब्या शिल्लक आहेत. पुरवठादाराकडे त्याच क्रमांकाची चौकशी केली आहे. परवान्यावर नोंद होऊन त्या रीतसर हाती आल्या की दहा ग्रूप घेऊन याच धाग्यावर आकडे लिहितो.